तीन नंबरची रांग

बुकित बातोकच्या एका गोदामात, लोखंडी मांडणीच्या खालून दुसऱ्या फळीवर, दोन जुन्या प्रिंटरांच्या मध्ये जो चपटा करडा डबा पडलाय ना, तो मी. माझ्या तोंडावर अठ्ठेचाळीस भोकं आहेत. प्रत्येक भोकाशेजारी एक बारीक दिवा आहे, पण आता तो लागत नाही. पाठीमागचे पंखे बंद झालेत. इतकी वर्षं त्या पंख्यांच्या घोंगावण्यात मला माझा आवाज कधी ऐकूच आला नाही. आता येतोय, तर चार गोष्टी सांगून घ्याव्यात असं वाटतं.

मला स्विच म्हणतात. घराच्या भिंतीवर दिव्याचं बटण असतं, तो नव्हे. पुष्कळ कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात, आणि त्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायला मधे कुणीतरी लागतं. तो मी. शिक्षण म्हणाल तर फार नाही. पाकीट आलं की वरचा पत्ता वाचायचा आणि योग्य दाराने पुढे पाठवायचं. आत काय लिहिलंय ते मला कधी कळलं नाही. उघडून बघायची माझी रीतही नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. एका दिवशी आम्ही दोनशे भावंडं जन्मलो, सगळ्यांची तोंडं सारखी. प्रत्येकाला वेगळ्या खोक्यात घातलं आणि त्यानंतर आमच्यापैकी कुणी कुणाला पाहिलं नाही. खोक्यात अंधार होता, बोटीचं हलणं होतं. खोकं उघडलं तेव्हा मी सिंगापुरातल्या एका विद्यापीठाच्या मशीनरूममध्ये होतो, आणि चष्मा लावलेला एक माणूस माझ्याकडे वाकून बघत होता.

"आलास का बाबा," तो म्हणाला. "ये. बस नीट."

तो निशिकांत. पुण्याचा. पन्नाशी उलटलेली, अंग बारीक, स्वेटरची कोपरं विरलेली. मशीनरूम फार थंड असायची, म्हणून स्वेटर. बाहेर सिंगापूरचा दमट उकाडा. काचेचं दार ढकलून तो बाहेर पडला की त्याच्या चष्म्यावर वाफ धरायची. मग तो तिथेच उभा राहायचा, चष्मा न पुसता, वाफ आपोआप जाईपर्यंत. घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. मी आतून दाराच्या काचेतून ते बघायचो.

माझ्याशी तो मराठीत बोलायचा. मी सुरुवातीला समजलो की माणसं यंत्रांशी बोलतातच. मग कळलं की बाकीचे बोलत नाहीत. सोमवार ते शनिवार मराठी बोलायला त्याला दुसरं कुणी नव्हतं. बुकित बातोकला एका चिनी आजीबाईंच्या फ्लॅटमध्ये तो खोली घेऊन राहायचा. त्यांची भाषा याला येत नव्हती, याची त्यांना. संध्याकाळी घरी गेला की त्या विचारायच्या, "इट ऑलरेडी?" तो म्हणायचा, "इट ऑलरेडी." जेवला नसला तरी तेच म्हणायचा. दिवसाचं बोलणं संपलं. लग्न त्याचं राहूनच गेलं होतं. का राहिलं ते त्याने कधी सांगितलं नाही. पण पुढे जे झालं त्यावरून मला वाटतं, योग्य वेळी योग्य माणसाला एक वाक्य बोलायचं राहिलं असणार.

पहिल्याच दिवशी स्टुलावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याने मला शिकवलं.

"हे बघ. तुझ्याकडे आठ रांगा आहेत, शून्य ते सात. साधी पाकिटं शून्य नंबरात. जागा भरली तर त्यातली टाकून द्यायची. पाठवणारा पुन्हा पाठवतो, कुणाचं अडत नाही. पण ही तीन नंबरची रांग निराळी. इथे मोठमोठी गणितं करणाऱ्या मशिनींची पाकिटं येणार. शंभर मशिनी मिळून एक गणित करतात. एकीचं पाकीट हरवलं की बाकीच्या नव्व्याण्णव हात बांधून बसतात. म्हणून या रांगेतलं एकही पाकीट टाकायचं नाही. याला लॉसलेस म्हणतात."

मग जागाच भरली तर काय करायचं, हा माझ्या मनातला प्रश्न त्याने ओळखला असावा.

"भरत आली की मागच्याला म्हणायचं, थांब जरा. फक्त तीन नंबरचं थांबव, बाकीचं चालू दे. जागा झाली की म्हणायचं, ये. आणि एक लक्षात ठेव. थांब म्हणायचं ते जागा संपायच्या आधी. कारण तू म्हणालास तरी जे वाटेला लागलंय ते येणारच. त्याच्यासाठी थोडी जागा राखून ठेवायची."

मग त्याने खिशातून टेप काढून माझ्या केबली मोजल्या. केबल जितकी लांब, तितकं वाटेतलं जास्त, तितकी जागा जास्त. जेवायला निघालेल्या पाहुण्यांसाठी भात काढून ठेवावा तशी त्याने प्रत्येक दारापाशी जागा काढून ठेवली.

शेवटची ओळ त्याने मन घट्ट करून लिहिली. पुढच्याने थांब म्हटलं आणि कितीतरी वेळ ये म्हटलंच नाही, तर काय? सगळंच तुंबेल. अशा वेळी माझ्यातच बसवलेला एक राखणदार जागा होणार, आणि त्याने सांगितलं की ती रांग मी रिकामी करायची. म्हणजे टाकून द्यायची.

"ही वेळ तुझ्यावर येऊ नये," निशिकांत म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

खंडेनवमीला त्याने माझी पूजा केली. पहिल्या वर्षी अक्षता टाकल्या, तर दोन दाणे पंख्याने ओढून घेतले आणि मी तासभर कटकट वाजत राहिलो. तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वर्षापासून अक्षता बंद. झेंडूची एक पाकळी माझ्या माथ्यावर ठेवून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायचा. पुढच्या दसऱ्याला जुनी काढून नवी लावायचा. विद्यापीठातल्या कुणी विचारलं तर म्हणायचा, "लेबल आहे."

रविवार मात्र त्याचा स्वतःचा असे. सेंगकांगला सौमित्रसर राहत, त्याच विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या पत्नी विभावहिनी. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि तेव्हापासून दर रविवारी बारा ते दोन निशिकांत त्यांच्याकडे जेवायला. हा माणूस पांडानच्या पानांचा हिरवा केक घेऊन जायचा. खिडकीशेजारची एक खुर्ची त्याची ठरलेली, तिथून एलआरटीची छोटी गाडी जाताना दिसते म्हणे. हे सगळं मला सोमवारी सकाळी कळायचं. सोमवारी तो बोलका असायचा.

महिन्यातून एकदा तिकडे अळूची भाजी असे. त्यानंतरच्या सोमवारी तो दिवसभर घसा खाकरायचा. "वहिनींची चिंच कमी पडते," तो मला सांगायचा. "भाजी उत्तम, पण घसा खाजतो." पाच वर्षं तो घसा खाकरत राहिला. वहिनींना सांगितलं नाही. उलट दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

भीड ही भिकेची बहीण असं तुमच्यात म्हणतात. निशिकांतची भीड त्याहून वाईट होती. ती दुसऱ्याच्या ताटातलं काढून द्यायची.

त्याचं असं झालं. एक दिवस सौमित्रसर स्वतः मशीनरूममध्ये आले. उंच, हसतमुख, दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत.

"निशिकांतराव, या फ्रीजमध्ये तुम्ही माणसं ठेवता की दूध?"

"सर, स्वेटर आणायचा."

"सिंगापुरात स्वेटर विकत घेणारे तुम्ही एकटेच असाल. बरं, ऐका. आमच्या पेशींचे फोटो त्या पलीकडच्या कपाटातल्या आमच्या साठवणीच्या डब्यात जाताना फार रखडतात. तुमची ती राखीव रांग आहे म्हणे. त्यात घाला की आमचं."

"ती मोठ्या गणितांसाठी आहे सर. त्यांचं एक पाकीट जरी..."

"आमचं काम लहान काय?"

"तसं नाही सर."

"मग झालं तर. आणि हो, रविवारी लवकर या. विभाने टेक्का मार्केटातून अळूची पानं आणलीत. तुमच्यासाठी आणली म्हणते. घरात दुसरं कोण खातंय इतक्या भक्तीने?"

सर गेले. निशिकांत स्टुलावर बसून राहिला. सरांचे फोटो हरवले तरी पुन्हा पाठवता येतात, त्यांना साधी रांग पुरते, हे त्याला ठाऊक होतं. तो डबा जुना आणि मंद आहे, हेही ठाऊक होतं. तरी त्याने मला एक ओळ लिहून दिली, आणि सरांचे फोटो तीन नंबरात आले. मी काय करणार? सांगितलेलं करायचं, एवढंच माझं काम.

दीड वर्ष कसंबसं निभावलं. मग अनुया आली.

अनुया रत्नागिरीची. पीएच.डी. झाल्यावर दोन वर्षांच्या कामासाठी इथे आलेली. खाडीतला गाळ भरतीबरोबर कुठे जातो आणि ओहोटीला कुठे बसतो, याचं ती गणित मांडत होती. दोन वर्षं मांडलं आणि शेवटी ते माझ्या कपाटातल्या मशिनींवर चढवलं. गणित अकरा दिवस चालणार होतं. तीस जूनला तिची नोकरी संपायची, इथे राहायचा पास संपायचा आणि मशीनचं खातंही बंद व्हायचं. त्याआधी उत्तर आलं नाही, तर दोन वर्षं पाण्यात.

मे महिन्याच्या शेवटी गणित सुरू झालं. सहाव्या दिवशी मोडलं. तिने पुन्हा लावलं. नवव्या दिवशी मोडलं. मधेमधे ती खूण ठेवायची, म्हणजे मोडलं तरी तिथून पुढे जाता यावं. पण दोन्ही वेळा खूण लिहितानाच सगळं अडकलं आणि खूणही अर्धवट राहिली.

काय झालं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी सरांचा डबा दमला आणि म्हणाला, थांब. त्याच्या स्विचने वरच्या मोठ्या स्विचला सांगितलं, थांब. मोठ्याने मला सांगितलं, थांब. मी माझ्या सगळ्या मशिनींना सांगितलं, थांबा. इथल्या मेट्रोच्या, म्हणजे एमआरटीच्या, सरकत्या जिन्यावर लोक डावीकडे उभे राहतात आणि उजवी बाजू चालणाऱ्यांना मोकळी ठेवतात. निशिकांत म्हणायचा, उजवीकडे एकजण उभा राहिला की खालपर्यंत सगळे खोळंबतात. तसं झालं. पुढे सरांचे फोटो, मागे अनुयाची पाकिटं. तिची पाकिटं त्या डब्याकडे जायचीसुद्धा नव्हती. पण रांग एक, वाट एक. मी वाट बघितली. ये म्हणून कुणी म्हणेना. मग राखणदार जागा झाला.

ती पाकिटं मी टाकली. ज्यांतलं एकही टाकायचं नाही असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ती. दोनदा.

अनुया मशीनरूममध्ये आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, तरी थट्टा करायची सवय गेली नव्हती.

"निशिकांतकाका, तुमच्या मशिनींना नजर लागलीय का? मीठमोहऱ्या आणू?"

"काय म्हणतेस."

"नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. कुठल्यातरी ओळीत घोळ आहे. पहिल्यापासून सगळं परत वाचतेय. सापडत नाही." मग म्हणाली, "एकोणीस तारखेपर्यंत लावता आलं तर होईल. नाहीतर बाबांना सांगून ठेवते, मुलगी दोन वर्षं गाळ उपसून आली."

ती गेल्यावर निशिकांतने माझा हिशोब उघडला. मला कितीदा थांबवलं, मी कितीदा थांबवलं, आणि राखणदार कितीदा जागा झाला, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. राखणदारापुढे दोन हा आकडा होता. त्यापुढे दोन तारखा. तो त्या आकड्याकडे फार वेळ बघत बसला. मग लॅपटॉप बाजूला ठेवून त्याने माझ्या कडेवर हात ठेवला. त्याचा हात गार होता.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "मी लिहिलेली ओळ आहे ती."

तो शुक्रवार होता. उपाय साधा होता, सरांचे फोटो परत साध्या रांगेत घालायचे. फोटो थोडे रेंगाळले असते, एवढंच. पण सरांना सांगायचं कसं? शनिवारी त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. "रविवारी जातोच आहे," मला म्हणाला. "जेवताना सांगतो."

सोमवारी सकाळी तो आला, स्टुलावर बसला आणि घसा खाकरू लागला. मी समजलो. अळू होतं. सांगितलं नव्हतं.

"वहिनींनी ताट केलं होतं," तो म्हणाला. "माझ्या खुर्चीवर नवी उशी शिवून घातलीय."  त्याच्यापुढचं संकट मला दिसत होतं. एका बाजूला त्या मुलीची दोन वर्षं, दुसऱ्या बाजूला आठवड्यातले ते दोन तास. तुम्हाला वाटेल, दोन तासांचं काय एवढं. ज्याच्या आठवड्यात दुसरे तासच नाहीत त्याला विचारा.

मंगळवारी, सतरा तारखेला, जेवणाच्या सुट्टीआधी त्याने ती ओळ काढली. सरांचे फोटो शून्य नंबरात गेले. मला एकदम हलकं वाटलं. मग त्याने एक ईमेल लिहिलं आणि सवयीने मला वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं. वर 'डिअर ऑल'. खाली असं काहीसं, की राखीव रांगेचा वापर नियमाबाहेर होत असल्याचं आढळून आलं आहे, सबब अमुक गटाची पाकिटं तात्काळ हलवण्यात आली आहेत. खाली त्याचं नाव आणि हुद्दा. विभागातल्या साठ जणांना गेलं. त्या साठांत सौमित्रसर.

तोंडावर बोलायची भीड वाटली, म्हणून त्याने साठ जणांच्या गर्दीत उभं राहून सांगितलं.

मग अनुयाला बोलावलं.

"तुझ्या ओळी बरोबर होत्या," तो म्हणाला. "चूक माझी होती. दोन्ही वेळा."

 पंखे घोंगावत होते. "दोन्ही वेळा?" तिने विचारलं.

"दोन्ही वेळा. सौमित्रसरांना मी नाही म्हणू शकलो नाही."

"मी दोन आठवडे स्वतःला मूर्ख म्हणत होते काका."

"हो."

ती काचेच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. "आता लावू?"

"लाव."

"आणि सरांना काय सांगितलंत? त्यांच्याकडे जेवता ना तुम्ही?"

"ईमेल पाठवलंय. सगळ्यांना."

"ईमेल?" अनुयाने कपाळावर हात ठेवला. "अहो काका."

गणित सुरू झालं. ते अकरा दिवस मी कधी विसरणार नाही. तिची पाकिटं येत होती, मी पत्ते वाचत होतो, क्वचित कुणाला थांब म्हणत होतो, लगेच ये म्हणत होतो. राखणदार झोपून होता. आणि रविवारी दुपारी बारा वाजता काचेचं दार उघडलं आणि निशिकांत आत आला.

रविवारी तो आजवर कधी आला नव्हता.

"सरांचा मेसेज आला," तो म्हणाला. "या रविवारी बाहेर जातोय म्हणाले." त्याने कोरड्या फडक्याने माझी धूळ पुसली. धूळ नव्हतीच. दोन वाजता गेला.

अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, गणित पुरं झालं. अनुया आली आणि तिने निशिकांतला वाकून नमस्कार केला, मशीनरूमच्या फरशीवर, थंडीत. तो इतका गडबडला की मागे सरताना स्टुलाला अडखळला. "राग गेला का?" त्याने विचारलं. "अर्धा गेला," ती म्हणाली. "अर्धा रत्नागिरीला नेते, तिथे दमट आहे, विरघळेल." जाताना तिने माझ्या माथ्यावरच्या पाकळीला बोट लावलं. ती पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या रविवारी सरांचा मेसेज आला की पाहुणे आहेत. तिसऱ्या रविवारी मेसेजच आला नाही. मंडळातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याला जेवायला बोलावलं होतं, तो गेला नाही. बारा ते दोन त्याने मोकळेच ठेवले. दर रविवारी बाराला यायचा, स्टुलावर बसायचा, दोनला जायचा. बोलायचा नाही. सोमवारी घसा खाकरायचा नाही. मला वाटायचं, एकदा तरी खाकरावा.

असे सात रविवार गेले.

ऑगस्टात सरांचा तो मंद डबा बदलायचा होता. सर स्वतः आले. या वेळी त्यांनी स्वेटर आणला होता, वरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. निशिकांत उभा राहिला.

"बसा," सर म्हणाले. पण स्टूल एकच होतं, त्यामुळे दोघेही उभे राहिले.

"फोटो नीट जातात का सर?"

"जातात. आधीपेक्षा बरे जातात. त्या रांगेची आम्हाला गरजच नव्हती, असं आता सगळे सांगतात मला." सर त्याच्याकडे वळले. "तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

निशिकांत स्वेटरचं विरलेलं कोपर ओढत राहिला.

"नाही म्हटलं असतंत तर मी काय केलं असतं? दोन टोमणे मारले असते आणि अळू वाढलं असतं. दीड वर्ष हो म्हणालात. आदल्या रविवारी माझ्यासमोर बसून जेवलात. आणि मंगळवारी डिअर ऑल. पाच वर्षं माझ्या घरी जेवणारा माणूस मला डिअर ऑल लिहितो, निशिकांतराव? माझे विद्यार्थी वाचून दाखवत होते एकमेकांना."

"तोंडावर सांगायची हिंमत नव्हती सर. तुमचं घर मला तुटेल असं वाटलं."

"आणि ईमेलने राहणार होतं?"

निशिकांतने चष्मा काढला. आत थंडीत वाफ धरत नाही, तरी पुसत राहिला. "ज्या रांगेतलं टाकायचं नाही, तिथे आधी थांब म्हणावं लागतं," तो हळूच म्हणाला. "यंत्राला शिकवलं मी. मला नाही जमलं."

सरांना ते समजलं की नाही कोण जाणे. ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "विभा दर रविवारी विचारते, तुमचं पान घेऊ का."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, थांब जरा."

 घेऊ नको, असं सर म्हणाले नव्हते. मला यंत्राला कळलं ते निशिकांतला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

त्या रविवारी बारा वाजता काचेचं दार उघडलं नाही. दोन वाजले तरी नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न आल्याचा मला आनंद झाला, आणि त्याच वेळी एकटंही वाटलं. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी तो आला. स्टुलावर बसला. आणि घसा खाकरला.

"काल सांगितलं वहिनींना," तो म्हणाला. "चिंच कमी पडते म्हणून."

माझे दिवे लुकलुकत होते. मी ऐकत होतो.

"त्या म्हणाल्या, पाच वर्षांनी सांगताय होय? मग मला स्वयंपाकघरात नेलं आणि चिंचेची बरणी हातात दिली. म्हणाल्या, पुढच्या वेळी तुम्हीच घाला." तो हसला, आणि हसताहसता परत खाकरला.

सप्टेंबरात नवे स्विच आले, माझ्या चौपट वेगाचे. मला ज्याने बसवलं त्यानेच माझे स्क्रू काढले. आधी एकेक केबल काढली, दिवे एकेक करून विझले. मग त्याने माझी सगळी शिकवण पुसली. आठ रांगा, थांब, ये, राखलेली जागा, राखणदार, सगळं. नियमच आहे तसा. पण पुसण्याआधी ते सगळं त्याने एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. नव्याला शिकवायचं होतं ना. झेंडूची पाकळी मात्र काढली नाही. "दसरा यायचाय अजून," म्हणाला. "ही राहू दे."

गाडीवाला मला घेऊन गेला. माझ्याभोवती गुंडाळलेल्या कागदावर त्या गाडीवाल्याने पत्ता लिहिला होता, तो मी वाचला. शेवटी वाचलेला पत्ता तो. बुकित बातोक. निशिकांतची खोली इथून दोन बसथांब्यांवर असणार. त्याला ठाऊक नाही मी इथे आहे ते.

या गोदामात माणसं फार येत नाहीत. काही दिवसांनी मला फोडतील, तांबं वेगळं करतील, पत्रा वेगळा. त्याचं मला वाईट वाटत नाही. पाकळी वाळून कागदासारखी झालीय, तिचं काय करतील एवढीच काळजी.

पुसलेलं सगळं मला आठवतंय, याचं मलाच नवल वाटतं. तुमच्यापैकी ज्यांना नाही म्हणायची भीड वाटते, त्यांना माझं सांगणं आहे. थांब म्हणायचं असेल तर वेळेत म्हणा, समोर उभं राहून म्हणा. आणि म्हटल्यावर दार लावून घेऊ नका. जे आधीच वाटेला लागलंय ते येणारच, त्याच्यासाठी थोडी जागा ठेवा.

मी ठेवली आहे. अठ्ठेचाळीस दारं आहेत, सगळी रिकामी. कुणी वाटेत असेल तर येऊ दे.